बॉर्डरवरची शुगर: इंदूरच्या मराठी घरातले पहिले तीन महिने

"बॉर्डरवर आहे, गोड जरा कमी करा." एवढं एक वाक्य घेऊन मी दवाखान्यातून घरी आले. रिपोर्टवर उपाशीपोटीची शुगर ११२ होती आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.१. वय ४८. मी चहातली साखर बंद केली आणि बाकी सगळं होतं तसंच चालू ठेवलं: सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या आणि वर भात, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.२ आला. गोड तर सोडलं होतं, मग चुकलं कुठे? याचं उत्तर मला शेवटी ग्लुकोमीटरने दिलं.

तेव्हापासून ओळखीतल्या कितीतरी जणांनी, कोणी सुदामानगरातून फोन करून, कोणी रामबागेतल्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून, हाच प्रश्न विचारला आहे: "आता सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर तुमचे नियम वेगळे आहेत; ते डॉक्टरांकडूनच घ्या.

पायरी पहिली: रिपोर्ट स्वतः वाचा

"थोडी वाढली आहे" यावर थांबू नका. आकडा वहीत लिहा. उपाशीपोटी, म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही न घेता, शुगर १०० च्या खाली असेल तर ती नेहमीची. १०० ते १२५ म्हणजे पूर्वमधुमेह, मधुमेहाच्या आधीची पायरी, आणि १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर पूर्वमधुमेह, ६.५ पासून पुढे मधुमेह. तिसरी तपासणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी करतात. तिथे १४० ते १९९ हा मधला पट्टा. काही रिपोर्टांवर उपाशीपोटीची हद्द १०० ऐवजी ११० छापलेली दिसते, कारण जागतिक आरोग्य संघटना ११० धरते आणि अमेरिकन डायबिटीस असोसिएशन १००. त्यामुळे १०४ हा आकडा एका लॅबमध्ये ठळक अक्षरांत येतो आणि दुसरीत साध्या. त्याने गोंधळून जाऊ नका.

एचबीए१सी म्हणजे काय ते एकदा समजून घ्या. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. पेशी साधारण चार महिने जगते, म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. यात एक अडचण आहे आणि ती बायकांच्या बाबतीत फार वेळा विसरली जाते. लोह कमी असल्यामुळे रक्त कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. रक्तस्राव नुकताच झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील, तर तो आकडा फसवा ठरू शकतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघा आणि ते कमी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "या एचबीए१सीवर विश्वास ठेवायचा का?" माझं हिमोग्लोबिन ९.८ होतं. आधी लोहाच्या गोळ्या घेतल्या, मग पुढच्या आकड्याला अर्थ आला.

आणि निदान नेहमी लॅबमध्ये शिरेतून घेतलेल्या रक्तावर होतं. शेजारच्या काकांच्या मीटरवर १२८ आला म्हणून मधुमेह झाला असं ठरवू नका.

हे कशामुळे झालं, आणि मागे फिरता येतं का

आपण पोळी खाल्ली की तिची साखर होऊन रक्तात येते. इन्सुलिन ती स्नायूंच्या आणि यकृताच्या आत पोचवतं. पोटाच्या आत, यकृतात, स्नायूंत चरबी साचली की या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून काही वर्षं वेळ मारून नेतं आणि हळूहळू थकतं. यकृत रात्रभर नको तेवढी साखर सोडत असेल तर सकाळचा आकडा चढतो. स्नायू साखर उचलत नसतील तर जेवणानंतरचा.

"मी तर जाड नाही" हे वाक्य मी स्वतःही म्हटलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीवर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली अंगकाठी वरून बारीक आणि आतून चरबीची असू शकते. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर जास्त धरतात आणि कमरेची मापं पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. वजनकाट्यापेक्षा ही टेप आपल्याबद्दल जास्त खरं सांगते असं माझं मत आहे.

मागे फिरण्याबद्दल खोटी आशा देणार नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीयांवरच अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना विशेष काही सांगितलं नाही त्या गटात तीन वर्षांत १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना खाणं आणि चालणं नीट शिकवलं त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे नीट वागूनही काहींना झाला, पण दर शंभरांतले सोळा वाचले. आकडे बघून हातपाय गाळावेत इतके वाईट नाहीत आणि निवांत बसावं इतके चांगलेही नाहीत. तुम्ही एकटे तर मुळीच नाही: आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२३ साली आलेल्या अहवालात देशात १३ कोटी ६० लाख लोक या मधल्या पट्ट्यात असल्याचा अंदाज आहे.

पायरी दुसरी: मीटर घ्या आणि मोजायला शिका

पूर्वमधुमेहात रोज मोजण्याची वैद्यकीय गरज नसते आणि अनेक डॉक्टर तेच सांगतील. माझं म्हणणं इतकंच आहे की सुरुवातीचे काही आठवडे मोजलंत तर आपलं ताट आपल्याला कळतं, आणि ते कळल्याशिवाय घरातली माणसं ऐकत नाहीत. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोह्यांनी कधी कोणाला काही झालंय का?" त्यांच्यासमोर पोह्यांनंतरचा आकडा धरला तेव्हा त्या गप्प झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच मटकी भिजत घातली.

मीटर घेताना मशीनची किंमत बघू नका, स्ट्रिपची बघा. खरा खर्च तिथे आहे. जवळच्या मेडिकलवर त्या स्ट्रिप नेहमी मिळतात का तेही विचारा. स्ट्रिपच्या डबीवरची मुदत तपासा आणि डबी लगेच घट्ट बंद करत जा. दमटपणाने स्ट्रिप खराब होतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरात डबी ठेवू नका आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरू नका. दोन्ही मी करून बसले आहे. एकदा आकडे इतके विचित्र आले की अख्खी डबी टाकावी लागली.

मोजण्याआधी हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. आंबा किंवा केळं सोलून बोट नुसतं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलंत तरी बोटावरचा रस आकडा भलताच वर नेऊ शकतो. सुई बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा; तिथे कमी दुखतं. हात खाली सोडून हलका झटका, मग टोचा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका. सुई दर वेळी नवीन आणि स्वतःचीच. दुसऱ्याची सुई कधीही वापरायची नाही, नवऱ्याची असली तरी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा. इंदुरात कचरा वेचणाऱ्या, वेगळा करणाऱ्या माणसांचे हात आपल्या पिशवीतून जातात. उघडी सुई त्यात टाकू नका. भरलेल्या बाटलीचं काय करायचं ते तुमच्या मेडिकलवाल्याला किंवा कचरागाडीवाल्याला विचारून घ्या, कचरागाडीत घातक कचऱ्याचा डबा वेगळा असतो.

मीटर थोडं इकडेतिकडे दाखवणारच. जागतिक मानकानुसारही १०० च्या वरच्या वाचनात १५ टक्के फरक चालतो. म्हणून १३४ आणि १४१ यांत फरक शोधू नका. १३५ आणि १८० यांतला फरक मात्र खरा आहे. जेवणानंतर बोटातलं रक्त शिरेतल्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतं, तेही लक्षात असू द्या.

पायरी तिसरी: पंधरा दिवस काहीही न बदलता मोजा

इथे सगळे घाई करतात. रिपोर्ट आला की त्याच दिवशी भात बंद, फळं बंद, रात्रीचं जेवण बंद. महिनाभरात सगळं पुन्हा पूर्वीसारखं. त्यापेक्षा पंधरा दिवस नेहमीचंच खा आणि जोडीने मोजा: जेवायला बसण्याआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून. मोबाइलवर गजर लावा. रोज मोजायचं नाही; आठवड्यातून तीन-चार जेवणं, दर वेळी वेगळी. सोबत आठवड्यातून दोनदा सकाळची उपाशीपोटीची. दोन आठवड्यांत साधारण वीस स्ट्रिप लागतात.

वहीत चार गोष्टी लिहा: काय खाल्लं ते वाटी-पोळीच्या मापात, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, आणि त्या दिवशी झोप, चालणं, आजारपण, भांडण यांपैकी काही विशेष होतं का. दोन तासांनी १४० च्या आत असलं तर ते जेवण चांगलं मानायचं.

माझ्या वहीतलं थोडं देते. हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. बशीभर पोहे आणि दोन जिलब्या: आधी १०९, नंतर १८३. दुसऱ्या दिवशी जिलबीशिवाय तेवढेच पोहे: १६८. हा आकडा बघून मी हादरले, कारण मी "गोड सोडलं" म्हणून तीन महिने हेच खात होते. चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वरणभात: १७२. साबुदाण्याची खिचडी: १८६. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, मुगाची उसळ: १३१. दाल-बाफल्याच्या (तुपात बुडवलेले कणकेचे गोळे आणि डाळ) दिवशी दोन तासांनी १५४ आला, मला वाटलं बरं आहे की. सहज चार तासांनी पुन्हा मोजलं तर १६५. तुपाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे साखर उशिरा चढते आणि रेंगाळते. तूप-तेलाच्या भारी जेवणानंतर दोन तासांचा आकडा बघून खूश होऊ नका.

सकाळी उपाशीपोटीचा आकडा रात्री झोपतानापेक्षा जास्त आला तर घाबरू नका. पहाटे शरीर उठायची तयारी करताना काही हार्मोन सोडतं आणि यकृत साखर सोडतं. हा आकडा सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू उतरतो. जेवणानंतरचे आकडे त्याआधी सुधारतात, म्हणून सुरुवातीला लक्ष तिथे ठेवा.

पायरी चौथी: ताट बदला, पण आपलंच ठेवा

सकाळपासून सुरू करते, कारण इंदुरात सगळं सकाळीच ठरतं. इथले पोहे वाफेवर मऊ ठेवलेले असतात, वर सेव, कांदा, जिरावन मसाला, बाजूला जिलबी. पोहे म्हणजे चपटा केलेला तांदूळ. त्यात चावायला आणि पचायला अडकेल असं फार काही नाही. पोहे बंद करा असं मी कोणाला सांगत नाही. इंदूरच्या माणसाला ते सांगून उपयोगही नाही. कोरड्या पोह्यांची मूठ निम्मी करा आणि उरलेली जागा मोड आलेली मटकी किंवा मूग, शेंगदाणे, हंगामात मटार, भरपूर कांदा-कोथिंबीर यांनी भरा. बाजूला वाटीभर बिनसाखरेचं दही किंवा एक-दोन अंडी. सेव चवीपुरती, चिमूटभर. असे पोहे खाऊन माझा आकडा १३७ आला. जिलबी आता महिन्यातून एखाद्या रविवारी, पोह्यांसोबत नाही, तर डाळ-भाजीचं जेवण झाल्यावर अर्धी.

आठवड्यातले बाकीचे दिवस मुगाचे धिरडे, बेसनाचं पोळं, भाजणीचं थालीपीठ, उसळ. थालीपीठात डाळीचं प्रमाण वाढवा आणि एकच खा.

दुपारच्या ताटाला मी एकच नियम लावला आहे: निम्मं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं, पाव ताट डाळ-उसळ-पनीर-अंडं-मासा यांपैकी कशाचं तरी, आणि उरलेलं पाव ताट पोळी, भाकरी किंवा भाताचं. बटाटा, रताळं, साबुदाणा, गराडू (इथे तळून खातात तो कंद) हे भाजीच्या बाजूला मोजायचं नाही, पोळीच्या बाजूला मोजायचं. बटाट्याच्या भाजीबरोबर चार पोळ्या आणि वर भात म्हणजे एकाच ताटात तीनदा पोळी. आपल्या घरांत नेमकं हेच होतं आणि आपण त्याला साधं जेवण म्हणतो. आयसीएमआर-इंडियाबच्या गटाने २०२२ साली हिशेब मांडला होता की पूर्वमधुमेहातून मागे यायचं तर एकूण उष्मांकांतले ५० ते ५६ टक्के कर्बोदकांतून आणि १८ ते २० टक्के प्रथिनांतून यावेत. टक्के कोणी मोजत नाही. स्वयंपाकघराच्या भाषेत त्याचा अर्थ: दर जेवणात एक-दोन पोळ्या कमी आणि डाळ-उसळ एक वाटी जास्त. वरण पातळ पाण्यासारखं नको, डाव उभा राहील असं घट्ट हवं.

प्रथिनांसाठी इंदूरकरांनी एका गोष्टीकडे दुर्लक्ष केलं आहे. सोयाबीन आपल्या माळव्याच्या शेतांत पिकतं, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्याच खंडवा रोडवर आहे, आणि घरात मात्र ते फक्त तेलाच्या पिशवीतून येतं. सोयाबीनमध्ये वजनाच्या सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, हरभऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, कुकरमध्ये नीट मऊ शिजवून उसळ करा. कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नका, ते पचत नाही. किंवा सोया वडीचा खिमा. कणकेत पाचव्या भागाएवढं बेसन किंवा सोयापीठ मिसळलं तरी पोळी मऊच राहते.

खाण्याचा क्रम बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग डाळ-उसळ, शेवटी पोळी-भात. तेवढंच अन्न या क्रमाने खाल्लं तर साखर कमी उसळते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. आपल्या पंगतीत आधी वरणभात येतो, मला माहीत आहे. घरी तो शेवटी घ्या. मी स्वतः मोजलं: तेच ताट, नेहमीच्या पद्धतीने १५८, उलट्या क्रमाने १३९.

आता काही गैरसमज, ज्यांच्यात लोक वर्षं घालवतात. गूळ, मध, खजूर ही साखरच आहे. मीटरला नाव कळत नाही. "शुगर फ्री" बिस्किटांत मैदा तसाच असतो. ज्वारी-बाजरीची भाकरी पोळीपेक्षा बरी, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच. रस नको, फळ हवं. एक पेरू, एक संत्रं, मूठभर जांभळं. आंबा अर्धा, जेवणाशी जोडून खायचा असेल तर एक पोळी वजा करून. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड घ्यायची तर घ्या, पण त्यांच्या भरवशावर ताट तसंच ठेवू नका. चहात दोन चमचे साखर आणि दिवसातून चार चहा म्हणजे ४० ग्रॅम साखर. ती आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर दीड-दोन महिन्यांत जिभेला कळतही नाही.

उपवासाबद्दल वेगळं लिहायला हवं. आषाढी, चातुर्मास, संकष्टी, नवरात्र. आपल्या घरांत वर्षाचा मोठा भाग उपवासाचा, आणि उपवास म्हणजे साबुदाणा, बटाटा, रताळं. साबुदाणा हा जवळपास शुद्ध पिष्ट आहे, १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. वरई थोडी बरी, पण तीही धान्यासारखीच मोजा. राजगिऱ्याच्या लाह्या हलक्या वाटतात, साखर मात्र भरभर चढवतात. मी संकष्टीला आता वाटीभर वरई, त्यावर शेंगदाण्याची आमटी, काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर आणि ताक घेते. सासूबाईंचा उपवास मोडत नाही आणि माझी शुगरही चढत नाही.

राहिला सराफा, आपला रात्रीचा खाऊबाजार. रात्री साडेनऊला घरी जेवून अकराला सराफ्यात जाणं म्हणजे दुसरं जेवण आहे, हे आपण मान्यच करत नाही. पाहुणे आले, जायचंच आहे, तर घरी फक्त कोशिंबीर आणि डाळ खाऊन जा, आणि तिथे एक पदार्थ निवडा. भुट्ट्याचा कीस वाटून घ्या. हिवाळ्यात गराडूचे चार तुकडे. आपली शिकंजी ही लिंबूपाणी नाही. दूध-साखर-सुक्या मेव्याचा तो जाड पेला मोठ्या मिठाईइतका आहे, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना आणि स्वतःलाही सांगा.

पायरी पाचवी: जेवून उठलात की चाला

सकाळच्या मेघदूत गार्डनच्या फेऱ्या चांगल्याच. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, एवढं सगळीकडे सांगितलं जातं. पण ज्याच्याकडे वेळ नाही त्याने दुपारी आणि रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालावं. चालताना मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात, इन्सुलिनची फार वाट न बघता. मला एवढ्यानेच दोन तासांचा आकडा पंधरा-वीसने कमी दिसला. उन्हाळ्यात गच्चीवर, पावसाळ्यात घरातल्या घरात, जिन्यात. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लागेल असं काही: खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. साठीनंतर हे चालण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

वजन जास्त असेल तर ५ ते ७ टक्के कमी करणं पुरतं. ७० किलोचं ६६ झालं तरी यकृतातली चरबी उतरायला लागते. मुळात बारीक असाल तर उपाशी राहू नका. तुम्हाला स्नायू वाढवायचे आहेत. आणि झोप. ज्या रात्री मी पाच तास झोपते, त्या सकाळचा आकडा हमखास आठ-दहाने वर असतो.

पायरी सहावी: तीन महिन्यांनी परत

त्याआधी एचबीए१सी करू नका. लाल पेशींना बदलायला तेवढा वेळ लागतोच. त्याच लॅबमध्ये करा. सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वहीतली दोन पानं बघून डॉक्टर वेगळ्या तऱ्हेने बोलतात, हा माझा अनुभव आहे.

वय कमी, वजन बरंच जास्त, गरोदरपणात शुगर वाढलेली, किंवा प्रयत्न करूनही आकडे चढते असतील तर डॉक्टर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुचवू शकतात. त्याला हार मानणं समजू नका. चेन्नईच्या त्याच अभ्यासात औषधानेही जवळपास खाण्या-चालण्याइतकाच फायदा झाला होता. हे औषध बरीच वर्षं चालू राहिलं तर बी-१२ जीवनसत्त्व मधून मधून तपासायचं, कारण औषधाने ते कमी होऊ शकतं आणि आपल्या शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर तीन महिने थांबू नका: कधीही २०० च्या वर आकडा, फार तहान, रात्री चार-पाचदा लघवीला उठणं, काही न करता वजन उतरणं. लगेच लॅबमध्ये जा. सांधेदुखी किंवा दम्यासाठी स्टेरॉइड सुरू झालं असेल तर शुगर त्यानेही चढते. ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना कळवा.

माझा एचबीए१सी तीन महिन्यांनी ५.९ झाला, वर्षभरात ५.७, आणि दोन वर्षं तिथेच घुटमळतो आहे. त्याच्या खाली तो गेलेला नाही. कंबर ८९ वरून ८३ वर आली. वर्षातून एकदा लॅब, आणि घरी महिन्याला चार स्ट्रिप: दोन सकाळच्या, दोन एखाद्या नवीन पदार्थासाठी. गणपतीच्या महिन्यात त्यांतली एक मोदकाची असते. गेल्या वर्षी आधी कोशिंबीर, मग मुगाची उसळ, शेवटी तूप घातलेला एक उकडीचा मोदक आणि भात अजिबात नाही, असं जेवून आम्ही दोघी सासू-सुना गल्लीतल्या गणपतींना पायी गेलो. दोन तासांनी परत आलो तेव्हा मीटर सासूबाईंनीच आणून दिलं. १४३ आला.